‘चालतंय की’ हे उत्तर नव्हे

प्रश्न विचारायला आलायस की परवानगी मागायला, ते आधी ठरव. ‘सर, हे डीएनएस ठेवू की काढू?’ हे तू मला गणपतीतही विचारलं होतंस. उत्तर तेव्हाही तुला ठाऊक होतं. तुला फक्त कुणीतरी पाठीवर हात ठेवून ‘राहू दे रे, चालतंय ना’ असं म्हणायला हवं होतं. तो माणूस मी नाही.

टेमघरच्या गोदामात काय झालं ते तू मला अर्धंच सांगितलंस. उरलेलं तुझ्या शेठकडून कळलं. गाडी भरून उभी. कापडाचे तागे चढवून झालेत, ताडपत्री आवळून झालीय, ड्रायव्हर खिडकीतून हात बाहेर टाकून वाट बघतोय, आणि आत ऑफिसात ई-वे बिल निघत नाही. ऑफिसातली मुलगी राऊटर बंद करते, चालू करते, परत बंद करते. शेवटी केबलवाल्याला फोन करून झाप झाप झापते. तो शपथेवर सांगतो, लाइन ठीक आहे. लाइन ठीकच होती. तुला फोन आला आणि दोन मिनिटांत कळलं की तू भरलेल्या त्या फुकटच्या डीएनएस सर्व्हिसचं सर्टिफिकेट रात्रीच संपलंय. राऊटर कडक मोडवर, सर्टिफिकेट बाद, म्हणून एकही नाव उलगडत नव्हतं. फोनवरूनच सेटिंग बदलायला लावलंस, गाडी गेली. इथवर ठीक. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवं सर्टिफिकेट टाकलं, आणि संध्याकाळी तू मुद्दाम गोदामात जाऊन तेच नाव पुन्हा राऊटरमध्ये भरून आलास. का? कुणी सांगितलं होतं? आणि त्या केबलवाल्याला ‘बाबा, चूक माझ्याकडची होती’ एवढं एक वाक्य बोललास? नाही ना?

हे पहिल्यांदाच झालं असतं तर मी तोंड उघडलं नसतं. सर्टिफिकेट एकदा कुणाचंही चुकतं. पण यादी तूच मला वाचून दाखवली होतीस. त्यांच्या दोन सर्व्हरपैकी एक केव्हापासून मुका आहे. सूचनांच्या पानावर धूळ बसलीय. तू पाठवलेल्या मेलला उत्तर नाही. जाहिराती अडवणारी यादी जुनी झाल्यामुळे सरळ चालणाऱ्या साइट अडतात आणि अडायच्या त्या सुटतात. हे सगळं तुझ्या डोळ्यांनी बघितलंस, वहीत टिपलंस, आणि मान दुसरीकडे वळवलीस. ज्याला दिसत नाही त्याला मी समजावून सांगीन. ज्याला दिसतं आणि तरी बघायचं नाही, त्याला काय सांगू?

म्हणे, ‘सर, पण एन्क्रिप्टेड आहे.’ हे वाक्य तुझ्या तोंडी? फळ्यावर बाण काढून मी तुला हेच शिकवलं ना, की बाण कुठून कुठपर्यंत जातो ते आधी बघायचं? तू राहतोस कुठे? टेमघरलाच ना? शहाडला उल्हास नदीचं पाणी उचलतात, ते तुझ्या गावातल्या केंद्रात शुद्ध होतं आणि तिथून भिवंडी, ठाणे, मीरा-भाईंदरकडे जातं. समजा, जलवाहिनी पोलादाची आहे, एक थेंब गळत नाही, वाटेत कुणाची हात घालायची छाती नाही. पण केंद्रात क्लोरीन टाकणारा माणूसच महिनोन्‌महिने फिरकला नाही. ते पाणी आईला पाजशील? मग? एन्क्रिप्शन म्हणजे ती जलवाहिनी. वाटेत कुणी तोंड घालणार नाही, एवढीच तिची हमी. त्या टोकाला कोण बसलाय, जागा आहे की झोपलाय, याबद्दल ती अवाक्षर काढत नाही.

साइटच्या नावावरून पत्ता सांगायची ही डीएनएस व्यवस्था पॉल मोकापेट्रिसने 1983 मध्ये आखली, तेव्हा सगळी विचारपूस उघड्यावर चालायची. कितीतरी वर्षं तशीच चालली. 2016 मध्ये डीएनएस ओव्हर टीएलएसचं मानक आलं, 2018 मध्ये डीएनएस ओव्हर एचटीटीपीएसचं, आणि त्याच वर्षी अँड्रॉइड 9 मध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ची ती खिडकी आली, जी तू गावभर लोकांच्या फोनमध्ये उघडत फिरतोस. या मानकांनी काय सोडवलं? फोन आणि नावाचा पत्ता सांगणारा सर्व्हर, म्हणजे रिझॉल्व्हर, यांच्यामधला रस्ता. रिझॉल्व्हर भरवशाचा आहे का, हे त्यांनी सोडवलं नाही आणि सोडवू असं कधी म्हटलंही नाही. पूर्वी तुझ्या शेठची विचारपूस केबलवाला बघू शकत होता, ज्याचं दुकान तुला ठाऊक आहे, ज्याच्या दारात जाऊन तू भांडू शकतोस. आता ती बघतो दुसऱ्या देशातला एक माणूस, जो तुझ्या मेलला उत्तर देत नाही. विश्वास ठेवायची गरज संपली असं तुला वाटलं. ती संपली नाही, तू ती उचलून दुसऱ्याच्या ओट्यावर नेऊन ठेवलीस.

आणि काय काय ठेवलंस, याचा विचार केलास? गोदाम कुठल्या बँकेशी बोलतं, कुठल्या ट्रान्सपोर्टरशी, कुठल्या गिऱ्हाइकाशी. ऑफिसातली मुलगी जेवणाच्या सुट्टीत नोकरीची कुठली साइट बघते. तुझी आई कुठल्या तपासणीसाठी कुठल्या हॉस्पिटलचं पान उघडते. पानावर काय लिहिलंय ते त्याला दिसत नाही, साइटचं नाव दिसतं. नावं पुरेशी आहेत. चार महिन्यांची नावं ओळीने लावली की माणसाचा संसार वाचता येतो. या माणसांनी तुला विचारलं होतं का, आमची नावं कुणाकडे पाठवतोस? त्यांनी तुला राऊटरचा पासवर्ड दिला. बस, तेवढ्यावर.

आता नीट ऐक, कारण हे तुला सुचायला हवं होतं आणि सुचलं नाही. फोनच्या त्या खिडकीत तू काय भरतोस? एक नाव. होस्टनेम. जो माणूस सर्टिफिकेटची तारीख विसरतो, तो उद्या त्या नावाचं भाडं भरायला विसरला तर? डोमेन सुटतं. सुटलेलं डोमेन कुणीही किरकोळ पैशांत घेतं. घेतलं की त्याच नावाचं सर्टिफिकेट मिळायला मिनिटं लागतात, तेही फुकट. लेट्स एन्क्रिप्ट एवढंच विचारतं की हे डोमेन तुझ्या ताब्यात आहे ना. आहेच. मग तुझ्या आईचा फोन त्या नव्या मालकाकडे जाईल, ओळखपत्र मागेल, तो अगदी खरं ओळखपत्र दाखवेल, आणि फोन म्हणेल, ‘कनेक्टेड’. एकही इशारा नाही. इंटरनेट चालू. तुझ्या भाषेत, ‘चालतंय की’. त्या दिवशी तुझं हे वाक्य सगळ्यात खरं असेल आणि सगळ्यात महाग.

लगेच बँक लुटली जाईल असं मी म्हणत नाही. उगाच भीती घालणं हा माझा धंदा नाही. खोट्या पत्त्यावर नेलं तरी बँकेच्या साइटचं स्वतःचं सर्टिफिकेट जुळणार नाही आणि ब्राउझर ओरडेल. रिझर्व्ह बँकेने 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत सगळ्या बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’वर जायला लावलं, तेही नावांची फसवणूक आवरावी म्हणूनच. पण ब्राउझर ओरडला तर ऑफिसातली मुलगी काय करेल? ‘ॲडव्हान्स्ड’वर जाऊन ‘पुढे जा’ दाबेल. कारण राऊटरचं पान उघडताना तूच तिला ते दाबायला शिकवलंयस. आठवतंय? ‘काही होत नाही, दाबा.’ ही सवय तू लावलीस. आता त्या सवयीच्या वर बेवारस रिझॉल्व्हर आणून बसवतोयस.

‘आपल्यासारख्यांच्या मागे कोण लागणार, सर?’ कुणी तुझं नाव घेऊन मागे लागत नाही रे. एस्टोनियातल्या टोळीने डीएनएसचेंजर नावाचा किडा सोडला, तेव्हा तिने कुणाची पायरी बघितली होती? जगभरातल्या लाखो कॉम्प्युटरांची डीएनएस सेटिंग गुपचूप बदलली, लोकांना आपल्या जाहिरातींकडे वळवलं आणि पैसा केला. लोकांचं इंटरनेट तेव्हा चालत होतं, म्हणून कुणी बघितलं नाही. 2011 च्या नोव्हेंबरात टोळी पकडली. त्यांचे सर्व्हर एकदम बंद केले असते तर ती सगळी माणसं अंधारात गेली असती, म्हणून न्यायालयाच्या परवानगीने त्या जागी चांगले सर्व्हर बसवून महिनोन्‌महिने चालवावे लागले. 9 जुलै 2012 ला ते बंद झाले, तेव्हाही ज्यांनी आपली सेटिंग उघडून बघितली नव्हती, ते अडकलेच. त्यांच्या कॉम्प्युटरात ते नकळत शिरलं होतं. तू स्वतःच्या हाताने टाइप केलंयस. तुला तर तेवढीही सबब नाही.

मग तुझी लाडकी सबब. ‘सर, मोठ्या कंपन्यांना कशाला डेटा द्यायचा? हा बिचारा एकटा चालवतो, फुकट चालवतो.’ यातली पहिली गोष्ट मला मान्य आहे, आणि ती गंभीर आहे. सगळ्या जगाची विचारपूस दोन-तीन अमेरिकी कंपन्यांच्या घशात जावी, हे मलाही बरं वाटत नाही. पण मोठ्याला नाही म्हणताना लहानाला काहीच न विचारता हो म्हणायचं, असं कुठे लिहिलंय? क्वाड9 ही रिझॉल्व्हर चालवणारी ना-नफा संस्था आहे, 2021 मध्ये तिने बस्तान स्वित्झर्लंडला हलवलं, तिथल्या कायद्याखाली राहायला. फायरफॉक्समध्ये ज्या रिझॉल्व्हरला आपणहून जागा द्यायची, त्याने ओळख पटेल अशी माहिती 24 तासांपेक्षा जास्त ठेवायची नाही, अशी मोझिलाची अट आहे. लेखी. तुझ्या माणसाने काय लिहून दिलंय? ‘आम्ही लॉग ठेवत नाही.’ एक ओळ. कुणी तपासली? तू? कशाने?

आणि मोठेही पडतात, हे मला सांगू नकोस, मीच तुला सांगतो. 14 जुलै 2025 ला क्लाउडफ्लेअरचा 1.1.1.1 हा रिझॉल्व्हर जगभर तासभर बसला. त्याच वर्षी सप्टेंबरात उघड झालं की क्रोएशियातल्या एका सर्टिफिकेट संस्थेने 1.1.1.1 च्या नावे परवानगीशिवाय सर्टिफिकेटं देऊन टाकली होती. पण पुढे काय झालं ते बघ. पहिल्या वेळी आपल्याच सेटिंगमधली चूक, कुठल्या वेळी काय बिघडलं, हे क्लाउडफ्लेअरने लगोलग लिहून जाहीर केलं. दुसऱ्या वेळी, आपलं लक्ष असायला हवं होतं ते नव्हतं, हेही मान्य केलं. पडण्यावरून मी कुणाला जोखत नाही. पडल्यावर तोंड दाखवतो का, यावरून जोखतो. तुझ्या गोदामातली गाडी अडली त्या दिवशी तुझ्या सर्व्हिसने काय जाहीर केलं? एक ओळ तरी? ‘सर्टिफिकेट संपलं होतं, माफ करा, पुन्हा होऊ नये म्हणून हे केलं’? काही नाही. गुपचूप नवं टाकलं, आणि तूही गुपचूप परत गेलास.

एकट्या माणसाबद्दल तुला वाटतं ते चांगलं आहे. फुकट राबणाऱ्याबद्दल कृतज्ञता असावी. मग त्याला पैसे पाठव. पत्र लिही. मदत हवी का विचार. तुझ्या स्वतःच्या फोनवर त्याची सर्व्हिस ठेव, कुणी अडवत नाही. पण भावना तुझी आणि जोखीम शेठची, हा कुठला न्याय? आणि सांभाळणं झेपत नसेल तर काय करायचं असतं, तेही लोकांनी दाखवलंय. फ्रान्समधल्या ना-नफा संस्थेने चालवलेली डीएनएस0 डॉट ईयू ही सर्व्हिस 2025 मध्ये बंद झाली. वेळ आणि बळ पुरत नाही असं त्यांनी सरळ सांगितलं, दुसरीकडे कुठे जायचं तेही सांगितलं, आणि थांबले. त्यात कमीपणा नाही. दिवा विझत आला तरी दुकान उघडं आहे असं दाखवणं, त्यात आहे.

‘सुधारतील, सर, थोडं थांबून बघू.’ किती थांबणार? कशाची वाट बघणार? तारीख सांग. थांबणं आणि टाळणं यात एवढाच फरक असतो, की थांबणाऱ्याकडे तारीख असते. तुझ्याकडे नसेल तर मी देतो. डीएनएसच्या मुळावर सही करणारी किल्ली पहिल्यांदा बदलली 11 ऑक्टोबर 2018 ला. पुढची बदली 11 ऑक्टोबर 2026 ला ठरवलेली आहे. जो रिझॉल्व्हर सह्या तपासतो, त्याच्याकडे नवी किल्ली पोचलेली असावी लागते. नीट राखलेल्या यंत्रात ती आपोआप येते. न राखलेल्यात आली नाही, तर सही तपासताना सगळंच खोटं ठरेल आणि गोदाम पुन्हा बसेल. किंवा त्याहून वाईट, तो माणूस वैतागून सह्या तपासणंच बंद करून टाकेल, आणि तुला पत्ताही लागणार नाही. 2024 च्या फेब्रुवारीत कीट्रॅप नावाची खोट सापडली, एका पॅकेटने रिझॉल्व्हर गुंगवून ठेवता येत होता. दुरुस्ती लगेच आली. त्याने ती टाकली का? विचारलंस? माहीत नाही, विचारलं नाही, आणि भरवसा मात्र पूर्ण. याला भरवसा म्हणत नाहीत, याला आळस म्हणतात.

‘वेळ मिळत नाही’ हे तर माझ्यासमोर काढूच नकोस. जाहिराती अडवायच्या याद्या गोळा करत तू रात्र रात्र जागतोस. राऊटरच्या पानाचे रंग बदलत बसतोस. दोन नावं बदलायला किती लागतात? चहा गार व्हायच्या आत होईल. वेळेचं दुखणं नाहीच हे. ही सर्व्हिस तू लोकांना मोठ्या तोंडाने बसवून दिलीस, ‘तुमचं आता कुणी बघू शकत नाही’ म्हणालास. ती काढायची म्हणजे त्या प्रत्येक दारात जाऊन ‘माझा अंदाज चुकला’ म्हणायचं. तिथे तुझं घोडं पेंड खातंय. बोल, खोटं बोलतोय मी?

अरे, शेठ तुझा अंदाज चुकला म्हणून तुला काढणार नाही. तू चुकलेला अंदाज झाकून ठेवलास हे कळलं तर काढेल, आणि मी त्याला दोष देणार नाही. तुझं डोकं चांगलं आहे. वर्गात पॅकेट कुठे अडलं ते तू सगळ्यांच्या आधी सांगायचास. म्हणून तर एवढं बोलतोय. ज्याला येत नाही त्याच्यावर मी आवाज चढवत नाही.

‘मग स्वतःचाच रिझॉल्व्हर बसवतो’ असं आता म्हणशील, ठाऊक आहे. बसव. छोट्या मशीनवर अनबाउंड बसवणं तुला अवघड नाही. पण दोन गोष्टी डोक्यात ठेव. तिथून मुळापर्यंतची विचारपूस बहुतेक उघडीच जाते, म्हणजे केबलवाल्याच्या नजरेपुरतं तू मागे येशील. ते तुला चालेल का, शेठला चालेल का, हे विचारून ठरव. आणि त्या दिवसापासून सांभाळणारा माणूस तू. अपडेट तू टाकायचे, तारखा तू लिहायच्या, फोन तू उचलायचा. ज्याला दुसऱ्याची निगा तपासायला होत नाही, त्याने स्वतःच्या निगेची हमी द्यायच्या आधी चार वेळा विचार करावा. नाही जमत तर नाही म्हण, आणि दोन वेगवेगळ्या संस्थांचे रिझॉल्व्हर निवड, ज्या आपला पत्ता सांगतात, आपली चूक सांगतात आणि आपला नियम लेखी देतात. एक पडला तर दुसरा. दोघांवर सहा महिन्यांनी पुन्हा नजर. एक मेला म्हणून गाडी अडून राहू नये, एवढं तरी शेठला तुझ्याकडून मिळायला हवं.

ही सर्व्हिस जिथे जिथे बसवलीस, त्यातल्या कुठल्या दारांत जायचंय ती यादी आजच कर. गोदाम पहिलं, कारण तिथे लोकांची मजुरी अडकते. मग सीएचं ऑफिस. जीएसटीची वीस तारीख यायच्या आत. मग क्लास. मग ज्या ज्या फोनमध्ये ते नाव भरलंस ते सगळे फोन, आईचा धरून. प्रत्येकाला काय होतं आणि काय बदललं ते साध्या मराठीत सांग. त्यांना कळतं. कळत नाही असं धरून चालणं हाही तुझाच आळस आहे.

आता लॅपटॉप काढ. घरी जाऊन नको, इथेच. आधी त्या सर्व्हिसचं डोमेन कधी संपतंय ते बघ आणि वहीत लिही. मग डीएनएससेक-फेल्ड डॉट ऑर्ग हे नाव तिला विचार. ते मुद्दाम खोट्या सहीचं ठेवलंय. सह्या तपासणारा रिझॉल्व्हर त्याचा पत्ता देणार नाही. तुझ्या सर्व्हिसने दिला, तर मला वेगळं काही सांगावं लागणार नाही. नाही दिला, तर निदान एवढं तरी ती करते असं मी मान्य करीन, आणि आपण पुढच्या प्रश्नाकडे जाऊ. चालव ‘डिग’ कमांड. मी बघतोय.